धुराचे वजन: अथाबास्काच्या तेलवाळूचा कार्बन हिशेब



विषय जाहीर झाल्यावर एका जुन्या विद्यार्थ्याने मला विचारलं, "सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता कॅनडातल्या तेलाच्या खाणींत कुठे शिरलात?" प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर एवढंच, की "एखादी गोष्ट आपल्याला माहीत आहे असं आपण कधी म्हणू शकतो?" हा आमच्या विषयातला जुना प्रश्न आहे. वर्गात त्याच्या उत्तरावर फार तर परीक्षेतले दहा गुण अवलंबून असतात. अथाबास्का नदीच्या काठी त्याच्या उत्तरावर कायदे, कर आणि एका देशाची आंतरराष्ट्रीय वचनं अवलंबून आहेत. म्हणून आज मी तुम्हाला एका मोजणीचा इतिहास सांगणार आहे.

आधी जागा समजून घेऊ. कॅनडाच्या पश्चिमेला अल्बर्टा हा प्रांत. त्याच्या उत्तरेला फोर्ट मॅकमरी हे गाव, आणि त्या भोवती सूचिपर्णी जंगल आणि दलदल. त्या जमिनीखाली वाळू आहे आणि वाळूच्या कणांना बिट्युमेन चिकटलेलं आहे. बिट्युमेन म्हणजे आपल्या भाषेत डांबरासारखा पदार्थ. थंडीत दगडासारखा घट्ट, उन्हात चिकट. तिथले मूळ रहिवासी या डांबराने आपल्या होड्यांच्या सांध्यांतल्या फटी बुजवत असत. अठराव्या शतकाच्या शेवटी अलेक्झांडर मॅकेन्झी या भागातून गेला, त्यानेही या डांबराची नोंद करून ठेवली आहे.

हे डांबर वाळूपासून वेगळं कसं करायचं, हा प्रश्न कार्ल क्लार्क या शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात सोडवला. गरम पाणी आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून वाळू घुसळायची, म्हणजे डांबर फेसाबरोबर वर येतं आणि वाळू खाली बसते. तत्त्व ताक घुसळून लोणी काढण्यासारखंच. पण प्रयोगशाळेतून कारखान्यापर्यंत जायला चाळीसहून अधिक वर्षं लागली. 'ग्रेट कॅनेडियन ऑइल सँड्स' हा पहिला मोठा प्रकल्प १९६७ साली सुरू झाला. तीच कंपनी पुढे सनकोर झाली. १९७८ मध्ये सिंक्रूडचा प्रकल्प सुरू झाला. यांना आपण तेलवाळूच्या खाणी म्हणू.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. साध्या विहिरीतून तेल काढायला ऊर्जा लागते, पण तुलनेने कमी. इथे मात्र एक बॅरल तेलासाठी साधारण दोन टन वाळू उपसायची, ती गरम पाण्यात घुसळायची, आणि निघालेलं डांबर पुन्हा तापवून, त्यातला जास्तीचा कार्बन कोकच्या रूपाने काढून, हायड्रोजन मिसळून त्याचं पातळ तेल करायचं. जिथे वाळू फार खोल आहे, तिथे खणता येत नाही. तिथे रॉजर बटलर या अभियंत्याने विकसित केलेली पद्धत वापरतात: जमिनीखाली एकावर एक दोन आडव्या विहिरी, वरच्या विहिरीतून वाफ सोडायची आणि खालच्या विहिरीतून वितळलेलं डांबर ओढायचं. वाफ करायची म्हणजे नैसर्गिक वायू जाळायचा. थोडक्यात, इंधन मिळवण्यासाठीच भरपूर इंधन जाळावं लागतं, आणि तेल ग्राहकाच्या गाडीत पोहोचण्याआधीच कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा हवेत गेलेला असतो.

तो किती? इथून आपली गोष्ट सुरू होते.

पहिली वीस-बावीस वर्षं हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. याचा अर्थ तिथे काहीच मोजत नव्हते असा नाही. गंधकाचे वायू मोजत होते, कारण त्यांचा वास येत होता आणि झाडांना इजा होत होती. सिंक्रूडची मुख्य चिमणी १८३ मीटर उंच बांधली, ती धूर दूरवर पसरावा म्हणूनच. कार्बन डायऑक्साइडला मात्र ना रंग, ना वास. तो कुणाच्या डोळ्यांना झोंबत नाही. शिवाय त्याला त्या काळी प्रदूषक असं कुणी म्हणत नव्हतं. मोजमापाच्या इतिहासात हे नेहमी दिसतं: जी गोष्ट कुणाला तरी टोचते, तीच आधी मोजली जाते.

आता कुणी म्हणेल, चार्ल्स कीलिंग तर १९५८ पासून हवाई बेटांतल्या मौना लोआवर कार्बन डायऑक्साइड मोजत होते. खरं आहे, आणि फार काटेकोरपणे मोजत होते. पण ते काय मोजत होते, ते बघा. हवेत एकूण किती वायू साठला आहे ते. त्यातला कुणी किती सोडला, हे त्यातून कळत नाही. टाकीतल्या पाण्याची पातळी पाहून कुठल्या नळाने किती पाणी आलं ते सांगता येत नाही, तसंच. पातळी मोजणं आणि नळ मोजणं ही दोन वेगळी कामं आहेत.

नळ मोजायची वेळ आली १९९२ नंतर. रिओच्या परिषदेत हवामान बदलाचा करार झाला आणि प्रत्येक विकसित देशाने दरवर्षी आपल्या उत्सर्जनाची यादी द्यायची असं ठरलं. मग प्रश्न आला, की हे मोजायचं कसं? सगळ्या चिमण्यांवर यंत्र बसवणं शक्य नव्हतं. म्हणून आयपीसीसी या आंतरशासकीय संस्थेने मार्गदर्शक पुस्तिका तयार केल्या आणि त्यात एक साधी, सुंदर युक्ती सांगितली. हवा मोजू नका, इंधन मोजा. इंधनातला कार्बन जातो कुठे? जळला की तो ऑक्सिजनशी जोडला जाऊन बाहेर पडतो. बारा किलो कार्बन जळला की चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, हे रसायनशास्त्राचं गणित कुठल्याही देशात बदलत नाही. तेव्हा किती इंधन जाळलं ते पाहा, त्याला त्या इंधनाच्या गुणकाने गुणा, आणि सगळ्यांची बेरीज करा. झाला आकडा तयार.

मित्रहो, या पद्धतीला हसू नका. ती स्वस्त आहे, सगळ्या देशांना जमते आणि पुष्कळ ठिकाणी बरोबरही ठरते. एखाद्या वीजकेंद्रात एकाच प्रकारचा नैसर्गिक वायू मीटरमधून मोजून आत जात असेल, तर या गणिताइतका चांगला हिशेब दुसरा नाही.

पण ती काय करते ते नीट पाहा. ती मोजत नाही, ती अनुमान करते. आपल्या न्यायदर्शनातलं अनुमानाचं नेहमीचं उदाहरण तुम्हाला आठवत असेल: डोंगरावर धूर दिसतो, त्या अर्थी तिथे अग्नी आहे. इथे उलटा प्रवास आहे. अग्नी माहीत आहे, त्यावरून धूर किती ते ठरवायचं. नैयायिकांनी या उलट्या प्रवासाबद्दल फार पूर्वी सावध केलं होतं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अग्नीवरून धूर सांगायचा, तर इंधन ओलं आहे की नाही ही अट मध्ये येते. तिला ते उपाधी म्हणतात. तेलवाळूच्या खाणीत अशा उपाध्या पावलोपावली आहेत.

चार उपाध्या सांगतो. पहिली, सगळं इंधन विकत घेतलेलं नसतं. डांबर तापवताना निघणारे वायू आणि कोक तिथेच जाळतात. त्यांची घडण एकसारखी नसते, मग गुणक कुठला लावायचा? दुसरी, आगीशिवायही कार्बन डायऑक्साइड निघतो. नैसर्गिक वायू आणि वाफ यांच्या रासायनिक क्रियेतून हायड्रोजन बनवतात, तेव्हा वायूतला कार्बन ऑक्सिजनशी जोडला जाऊन बाहेर पडतो. तो जळलेल्या इंधनाच्या खात्यात येत नाही, त्याचं खातं वेगळं मांडावं लागतं. तिसरी, मैलोन् मैल उघडी पडलेली खाण आणि गाळपाण्याची प्रचंड तळी. तिथून वायू चिमणीतून येत नाहीत, जमिनीतून आणि पाण्यातून झिरपतात. ते मोजायला पृष्ठभागावर छोटी झाकणासारखी पेटी ठेवतात, तिच्यात जमलेला वायू तपासतात आणि त्यावरून सगळ्या तळ्याचा अंदाज करतात. चौथी, शेकडो टन माल वाहणारे ट्रक, यंत्रं, अतिरिक्त वायू जाळणाऱ्या ज्योती. प्रत्येकाचा वेगळा हिशेब. यातला एकेक अंदाज प्रामाणिक असू शकतो. पण अनेक प्रामाणिक अंदाजांची बेरीज खरीच असेल, याची हमी कुणी दिली आहे?

आता इतिहासाकडे परत येऊ. डिसेंबर २००२ मध्ये कॅनडाने क्योटो कराराला मान्यता दिली आणि १९९० च्या तुलनेत उत्सर्जन ६ टक्क्यांनी कमी करायचं वचन दिलं. अल्बर्टाचा त्याला कडाडून विरोध होता. २००४ पासून केंद्र सरकारने मोठ्या कारखान्यांना उत्सर्जनाचा अहवाल देणं बंधनकारक केलं. वर्षाला एक लाख टनांपेक्षा जास्त वायू सोडणाऱ्यांसाठी ही अट होती. ती मर्यादा पुढे पन्नास हजार आणि नंतर दहा हजार टनांवर आली. अल्बर्टाने २००७ साली स्वतःचा नियम आणला: मोठ्या कारखान्यांनी उत्सर्जनाची तीव्रता १२ टक्क्यांनी कमी करावी, नाही तर जास्तीच्या प्रत्येक टनामागे १५ डॉलर निधीत भरावेत. उत्तर अमेरिकेत असा नियम त्याआधी कुठे नव्हता, हे अल्बर्टाच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

पण 'तीव्रता' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. तीव्रता म्हणजे दर बॅरलमागे किती. एकूण किती, हा वेगळा प्रश्न. दर भाकरीमागे पीठ कमी लागलं तरी भाकऱ्या दुप्पट केल्या, तर पिठाचा डबा लवकरच रिकामा होतो. तेलवाळूच्या उद्योगात नेमकं तेच झालं. १९९० मध्ये या उद्योगाचं नोंदलेलं उत्सर्जन वर्षाला सुमारे दीड कोटी टन होतं. तीन दशकांत ते आठ कोटींच्या आसपास गेलं. डिसेंबर २०११ मध्ये कॅनडाने क्योटो करारातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं.

याच काळात हा आकडा सातासमुद्रापलीकडच्या भांडणातही सापडला. युरोपीय आयोगाने इंधनांना कार्बनच्या भारानुसार गुण द्यायचं ठरवलं होतं. २०११ च्या प्रस्तावात साध्या खनिज तेलासाठी दर मेगाज्यूलमागे ८७.५ ग्रॅम आणि तेलवाळूसाठी १०७ ग्रॅम असा आकडा होता. कॅनडाने याविरुद्ध जोरदार मोहीम चालवली आणि २०१४ मध्ये तेलवाळूला वेगळं काढणारी ती तरतूद वगळली गेली. पाहा, एका गुणकासाठी किती राजकारण! गुणक हा निव्वळ तांत्रिक आकडा नसतो, तो बाजारात कोण शिरणार ते ठरवतो.

मग अल्बर्टात सरकार बदललं. रेचेल नॉटली यांच्या सरकारने २०१५ मध्ये नवं धोरण जाहीर केलं आणि २०१६ च्या अखेरीस कायदा केला, की तेलवाळूचं एकूण उत्सर्जन वर्षाला दहा कोटी टनांच्या वर जाऊ नये. काही गोष्टी त्यातून वगळल्या होत्या, पण तीव्रतेऐवजी एकूण आकड्यावर मर्यादा आली हे मोठं पाऊल होतं. त्या वेळी सरकारी हिशेबाने उत्सर्जन सात कोटी टनांच्या आसपास होतं. म्हणजे अजून तीन कोटी टनांची जागा शिल्लक आहे असं सगळे धरून चालले. पण ते सात कोटी कुणी मोजलेले नव्हते. ते गुणून काढलेले होते.

हवेत जाऊन मोजण्याचं काम त्याआधीच, ऑगस्ट-सप्टेंबर २०१३ मध्ये झालं होतं. कॅनडाच्या पर्यावरण खात्याच्या शास्त्रज्ञांनी राष्ट्रीय संशोधन परिषदेचं कॉनव्हेअर ५८० हे विमान घेतलं, त्यात वायू मोजणारी उपकरणं बसवली आणि एकेका प्रकल्पाभोवती चौकोनी फेऱ्या मारल्या. आधी कमी उंचीवर, मग थोडं वर, मग आणखी वर. असं करत त्या प्रकल्पाभोवती हवेत एक अदृश्य पेटी आखली. पेटीच्या एका भिंतीतून वारा आत येतो, दुसऱ्या भिंतीतून बाहेर जातो. वाऱ्याचा वेग माहीत, आत येताना वायू किती ते माहीत, बाहेर जाताना किती तेही माहीत. वजाबाकी केली की आतल्या प्रकल्पाने किती भर घातली ते कळतं. कल्पना शाळकरी मुलालाही समजेल. काम मात्र फार अवघड. हवेत आधीच दर दहा लाख भागांत सुमारे चारशे भाग कार्बन डायऑक्साइड होता, त्यावरची थोडी वाढ अचूक टिपायची. विमान अगदी जमिनीलगत उडू शकत नाही, म्हणून खालच्या पट्ट्याचा अंदाज करावा लागतो. भोवतालचं जंगलही दिवसा तोच वायू शोषत असतं.

हिशेब, तपासण्या आणि लेखन यांत काही वर्षं गेली. जॉन लिजिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध एप्रिल २०१९ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात आला. खाणकाम करणाऱ्या चार मोठ्या प्रकल्पांची तीव्रता प्रसिद्ध माहितीवरून काढलेल्या तीव्रतेपेक्षा जास्त निघाली. सर्वात कमी फरक १३ टक्के, सर्वात जास्त १२३ टक्के. या हिशेबाने खाणींचं वार्षिक उत्सर्जन नोंदीपेक्षा ६४ टक्के जास्त होतं, आणि सगळ्या तेलवाळू उद्योगाचं ३० टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे १ कोटी ७० लाख टन जास्त. मघाची 'शिल्लक' आठवा: तीन कोटी टन. त्यातली निम्म्याहून अधिक जागा कागदावरच होती.

आता इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण अशा वेळी "चोर सापडला" अशी ओरड करायचा मोह होतो. त्या निबंधाने कुणाला खोटारडं म्हटलेलं नाही. उलट त्याचं म्हणणं असं, की कंपन्यांनी वापरलेल्या पद्धती शिफारस केलेल्या, अद्ययावत पद्धतीच होत्या. मला तर हेच जास्त अस्वस्थ करणारं वाटतं. कुणी लबाडी केली असती, तर त्याला दंड करून प्रश्न मिटला असता. इथे सगळे नियमाने वागले आणि तरी आकडा चुकला.

याला आक्षेपही होता, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. उन्हाळ्याच्या अखेरीच्या काही दिवसांच्या उड्डाणांवरून वर्षाचा आकडा कसा काढायचा? आपल्याकडे शेतकऱ्यांना हा वाद नवा नाही. नजर पैसेवारी आधी लागते, पीककापणी प्रयोगानंतरची अंतिम पैसेवारी नंतर येते. दोन आकडे जुळले नाहीत की एक जण म्हणतो नजर चुकली, दुसरा म्हणतो कापणीसाठी निवडलेला तुकडाच गावाचा प्रातिनिधिक नव्हता. आणि पन्नास पैशांच्या अलीकडे की पलीकडे, यावर दुष्काळाची मदत ठरत असे. थोड्या जागेवर नीट मोजलेलं आणि सगळीकडचं ढोबळ धरलेलं, यातलं खरं कुठलं?

तेव्हा आणखी एक साक्षीदार बोलवावा लागला, तो म्हणजे उपग्रह. एकेका प्रकल्पाचा कार्बन डायऑक्साइड अवकाशातून वेगळा ओळखणं कठीण, कारण तो सगळीकडे भरलेला आहे. पण नायट्रोजनचे ऑक्साइड त्याच धुरात असतात, ते लवकर नाहीसे होतात, म्हणून उगमाजवळ ठळक दिसतात. विमानाने दोन्ही वायूंचं प्रमाण काढायचं, उपग्रहांच्या आणि नोंदींच्या आधारे नायट्रोजनचे ऑक्साइड किती ते ठरवायचं, आणि त्रैराशिक मांडायचं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने असं २००५ ते २०२० पर्यंत मागे जाऊन पाहिलं. खाण भागाचं उत्सर्जन नोंदींपेक्षा सरासरी ६५ टक्क्यांहून अधिक निघालं. वाफेच्या विहिरींच्या प्रकल्पांतही फरक त्याच दिशेने होता. २०१८ ते २०२० या प्रत्येक वर्षी सगळ्या अथाबास्का भागाची तफावत किमान तीन कोटी टनांच्या घरात होती. म्हणजे ती चूक एका उन्हाळ्यापुरती नव्हती.

आणि तरीही एक खातं उरतंच. खाण उघडण्याआधी तिथली दलदल काढून टाकतात. हजारो वर्षं साठलेला कार्बन त्या मातीत असतो. रूनी, बेली आणि शिंडलर यांनी २०१२ मध्ये हिशेब मांडला, की तोवर मंजूर झालेल्या खाणींमुळे साठलेला १ कोटी १४ लाख ते ४ कोटी ७३ लाख टन कार्बन मोकळा होईल. या दोन आकड्यांत चौपट अंतर आहे. पण निदान त्यांनी ते अंतर लपवलं नाही. चिमणीचा हिशेब कितीही काटेकोर केला, तरी कुंपण कुठे घालायचं हे आपणच ठरवतो, आणि कुंपणाबाहेरचं शून्य धरलं जातं.

मग या इतिहासातून मी काय घेतो? प्रत्यक्ष आणि अनुमान या दोन प्रमाणांचं भांडण लावून एकाला जिंकवायचं नाही. विमान रोज उडवता येणार नाही आणि खातेवही कायम लागेलच. पण अनुमानाची अधूनमधून प्रत्यक्षाशी गाठ घालून दिली नाही, तर काही काळाने आपण हे विसरतो की ते अनुमान होतं. तक्त्यात छापलेला आकडा मोजलेल्या आकड्यासारखाच दिसतो. अल्बर्टात १९६७ ते २०१३ ही छेचाळीस वर्षं ती गाठ पडलीच नाही. आणि तफावतीचं बिल हवा कुणाला पाठवत नाही. ते उशिरा येतं, आणि बहुतेक वेळा ज्यांनी ते तेल जाळलंच नाही अशांच्या दारात येतं.

हे सगळं दूरच्या देशातलं म्हणून सोडून देऊ नका. भारताची राष्ट्रीय उत्सर्जन यादीही त्याच आयपीसीसीच्या पद्धतीने, इंधन गुणिले गुणक अशीच बनते. २०२३ मध्ये आपल्याकडेही कार्बन क्रेडिटच्या व्यापाराची योजना अधिसूचित झाली. उद्या इथेही टनाला भाव येईल, आणि भाव आला की वजनकाट्याला महत्त्व येतं. त्या दिवशी कुणी तुमच्यापुढे एखादा आकडा ठेवला, तर तो मोठा की छोटा हे नंतर पाहा. आधी साधेपणाने विचारा: हा मोजलाय, की काढलाय?

एवढं बोलून थांबतो. तुमचे प्रश्न असतील तर जरूर विचारा.